नादाची खतावणी

जुन्या हिंदी चित्रगीतांत दोन ओळींच्या मधली जागा श्रोत्याच्या लक्षात क्वचितच राहते. गायिका श्वास घेते, पुढची ओळ सुरू व्हायला चार-आठ मात्रांचा अवकाश असतो आणि तेवढ्यात पितळी भांड्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसे काही स्वर वाजून विरून जातात. शेणव्याच्या बाजारात सकाळी दुकानाच्या फळ्या काढून रेडिओ लावणाऱ्या व्यापाऱ्याने हे स्वर वर्षानुवर्षे ऐकलेले असतात. गाणे कोणी गायिले, चाल कोणाची, शब्द कोणाचे, हे त्याला तोंडपाठ असते. ते थेंब कोणत्या वाद्याचे आणि कोणाच्या हातचे, हे मात्र बहुधा ठाऊक नसते.

अशा जागा भरणाऱ्या वाद्यांपैकी एकाचे नाव व्हायब्राफोन. ज्यांनी जलतरंग पाहिले आहे, त्यांना त्याची कल्पना सहज येईल. जलतरंगात चिनी मातीचे पेले असतात. पाण्याच्या कमीजास्त पातळीने त्यांचे स्वर जुळवतात आणि दोन बारीक काठ्यांनी कडेवर आघात करतात. व्हायब्राफोनमध्ये पेल्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पट्ट्या असतात. सर्वसाधारण वाद्यात तीन सप्तकांच्या ३७ पट्ट्या, पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्याच क्रमाने, दोन रांगांत मांडलेल्या असतात. प्रत्येक पट्टीखाली एक उभी नळी असते. पट्टी वाजली की नळीतील हवा त्याच स्वराला थरथरते आणि नाद भरदार होतो. नळ्यांच्या तोंडाशी लहान चकत्या बसवलेल्या असतात. विजेच्या मोटारीने त्या फिरू लागल्या की नळीचे तोंड क्षणाक्षणाला उघडते आणि मिटते. त्यातून स्वराला जो हेलकावा मिळतो, त्यावरूनच वाद्याला नाव पडले.

आणखी एक सोय या वाद्याला आहे आणि तिचे महत्त्व फार आहे. कांस्याची थाळी वाजवून तिच्या कडेला बोट लावले की नाद तत्काळ थांबतो, हा अनुभव घरोघरी आहे. व्हायब्राफोनमध्ये हेच काम पायाखालचे पेडल करते. पेडल दाबले की पट्ट्यांना टेकलेली मऊ गादी दूर होते आणि स्वर रेंगाळत राहतो. पाय उचलला की गादी पुन्हा टेकते आणि स्वर मिटतो. स्वर उमटवणे हाताकडे आणि तो किती काळ ठेवायचा हे पायाकडे, अशी ही विभागणी आहे.

हे वाद्य १९२० च्या दशकात अमेरिकेत घडले. १९३० साली लुई आर्मस्ट्राँग यांच्या एका ध्वनिमुद्रणात लायोनेल हॅम्प्टन या तरुण ड्रमवादकाने ते वाजवले आणि जॅझ संगीतात त्याचा प्रवेश झाला. १९३६ पासून हॅम्प्टन बेनी गुडमन यांच्या चौकडीत वाजवू लागले. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वादकांनी एका मंचावर बसणे ज्या समाजाला सहन होत नव्हते, त्या समाजात दोन गोरे आणि दोन कृष्णवर्णीय वादक त्या चौकडीत एकत्र वाजवत होते. पुढे डेट्रॉइट शहरात जन्मलेल्या मिल्ट जॅक्सन (१९२३–१९९९) यांनी वाद्याचा स्वभावच बदलला. हॅम्प्टन यांचा हेलकावा वेगवान असे; जॅक्सन यांनी मोटारीचा वेग पुष्कळ कमी केला आणि गाणाऱ्याच्या गळ्यातील संथ कंपाजवळ स्वर आणून ठेवला. त्यानंतरच्या पिढीत गॅरी बर्टन यांनी प्रत्येक हातात दोन अशा चार काठ्या धरून स्वरसमूह आणि चाल एकाच वेळी वाजवण्याची पद्धत लोकप्रिय केली.

जॅझचे वादन कसे चालते, हे आपल्याकडील श्रोत्याला परके वाटण्याचे कारण नाही. आरंभी सर्वजण मिळून मूळ चाल वाजवतात. मग तीच आवर्तने चालू राहतात आणि एकेक वादक त्यांवर स्वतःची उपज मांडतो. शेवटी पुन्हा मूळ चाल येते. बंदिशीचा मुखडा, त्यानंतरचा विस्तार आणि समेवरचे पुनरागमन ज्यांच्या कानाला सरावाचे आहे, त्यांना ही रचना ओळखता येते. मधल्या या एकल वादनालाच सोलो म्हणतात. तो आधी लिहिलेला नसतो. त्या क्षणी सुचतो, वाजतो आणि ध्वनिमुद्रण झाले नसेल तर नाहीसा होतो.

हे संगीत मुंबईला नवे नव्हते. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. ते ऐकून आणि त्यांच्यासारखे वाजवून जे वादक तयार झाले, त्यांत गोमंतकीयांचा भरणा मोठा होता. गोव्यातील चर्चच्या शाळांत त्यांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. हळदोणे येथे जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ हे ट्रम्पेटवादक ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध झाले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांचे ते सहायक होते. भगवानदादांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात जी पाश्चात्त्य नृत्यलय आहे, ती या सहवासातून आली. मराठी संगीतकाराची चाल, गोमंतकीय वादकाची जॅझमधली जाण आणि गिरणगावात वाढलेल्या मराठी नटाचे नृत्य, असा तो संयोग होता. तालवाद्यांच्या आणि व्हायब्राफोनसारख्या स्वरवाद्यांच्या बाजूला कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी लॉर्ड (१९३५–२०१६) हे पारशी वादक होते. केरसी लॉर्ड तर तालवाद्ये, अ‍ॅकॉर्डियन, व्हायब्राफोन अशी अनेक वाद्ये सारख्याच अधिकाराने वाजवत.

त्या काळच्या ध्वनिमुद्रणाची रीत पाहण्यासारखी होती. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवी. सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखा संयोजक ती ऐके आणि कागदावर उतरवी. मग कोणत्या वाद्याने कोठे काय वाजवायचे, याचे वेगवेगळे कागद तयार होत. कित्येक जागी मात्र कागद मोकळाच ठेवला जाई आणि तेथे काय वाजवावे हे वादकाच्या सूझेवर सोडले जाई. गाणे मुद्रित झाले की त्या कागदांची गरज संपे. ग्रामोफोनच्या तबकडीवर गायक आणि संगीतकार यांची नावे छापली जात. वादकांची छापली जात नसत. परिणाम असा की, गाणे राहिले, कागद बहुतेक गेले आणि नावे थोड्याच जणांच्या आठवणीत उरली. ग्रेगरी बूथ यांचे २००८ मधील आणि नरेश फर्नांडिस यांचे २०१२ मधील पुस्तक या वादकांच्या मुलाखतींवर आणि कुटुंबांनी जपलेल्या कागदपत्रांवर उभे आहे. नामशेष होत चाललेली एक पिढी त्यांमुळे काही प्रमाणात नोंदली गेली.

वाजलेले राहते आणि ते कोणी वाजवले हे हरवते. मग ऐकणाऱ्याच्या हाती काय उरते? एक गोष्ट निश्चित उरते. जे ऐकू येते ते नीट ऐकावे आणि स्वरास्वराने लिहून ठेवावे.

महाराष्ट्राला हे काम अपरिचित नाही. वाळकेश्वर येथे १८६० साली जन्मलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे व्यवसायाने वकील होते. त्यांनी देशभर प्रवास करून उस्तादांच्या तोंडून बंदिशी ऐकल्या आणि लिहून घेतल्या. घराण्याबाहेर सहसा न जाणारे ते धन ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापले गेले आणि कोणत्याही होतकरू विद्यार्थ्याच्या हाती आले. त्यासाठी त्यांनी जी लिपी वापरली, ती अत्यंत सोपी आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकासाठी स्वराखाली बिंदू, तार सप्तकासाठी वर बिंदू. एका मात्रेत अनेक स्वर आले तर त्यांच्याखाली अर्धचंद्र. स्वर पुढच्या मात्रेपर्यंत लांबला तर आडवी खूण. समेला फुली आणि खालीला शून्य. ज्या घरातील मुले संगीताच्या परीक्षा देतात, त्या घरात ही लिपी वाचणारे कोणीतरी असतेच.

या लिपीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मींड, गमक, श्रुतींचे बारकावे तिच्यात मावत नाहीत. आक्षेप खरा आहे. गायकाचा कंठ एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जातो आणि कागदावर मात्र दोन सुटी अक्षरे दिसतात. व्हायब्राफोनच्या बाबतीत ही अडचण फारशी येत नाही. त्याची प्रत्येक पट्टी एकाच स्वराला बांधलेली असते. आघात होतो तो नेमक्या क्षणी होतो. म्हणून नवशिक्याने लेखनाचा अभ्यास करायचा तर सारंगीपेक्षा, सतारीपेक्षा हे वाद्य सोयीचे आहे. जे वाजले, ते बारा स्वरांपैकी कोणते तरी एक आहे, एवढी खात्री आरंभीच मिळते.

अभ्यासासाठी उदाहरण घ्यायचे तर मिल्ट जॅक्सन यांच्या ‘बॅग्ज ग्रूव्ह’ या रचनेचे घ्यावे. ‘बॅग्ज’ हे जॅक्सन यांचेच टोपणनाव. २४ डिसेंबर १९५४ रोजी माइल्स डेव्हिस यांच्या ध्वनिमुद्रणात ही रचना लागोपाठ दोनदा मुद्रित झाली आणि दोन्ही मुद्रणे उपलब्ध आहेत. तीच चाल, तेच पाच वादक, तोच दिवस. तरीही जॅक्सन यांची दोन्ही वादने वेगळी आहेत. एक लिहून काढल्यावर दुसरे लिहिले आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले, तर उपज म्हणजे काय हे पुस्तकी व्याख्येपेक्षा अधिक स्पष्ट होते.

या रचनेचे आवर्तन बारा विभागांचे आहे आणि प्रत्येक विभागात चार मात्रा, म्हणजे एकूण ४८ मात्रा. रचनेच्या मूळ स्वराला सा मानले तर आधार पहिल्या चार विभागांत साभोवती राहतो, पाचव्यापासून दोन विभाग मध्यमावर जातो, पुन्हा सावर येतो आणि नवव्यापासून पंचमाच्या ओढीने घरी परततो. या बारा विभागांच्या साच्याला ब्लूज म्हणतात. त्यात कोमल गांधार आणि शुद्ध गांधार दोन्ही येतात. जोग रागात दोन्ही गांधार ऐकण्याची सवय असलेल्या कानाला ते खटकणार नाही. फरक एवढाच की जोगात आरोह-अवरोहाची शिस्त आहे, तर येथे कोणता गांधार कोठे घ्यायचा हे वादकाच्या त्या क्षणीच्या भावावर अवलंबून असते.

लेखनाची पद्धत सांगायची तर पहिले दोन-तीन दिवस कागदाला हात लावू नये. वादन नुसते ऐकावे आणि बोटांवर आवर्तने मोजावीत. मग एक आवर्तन निवडून ते गळ्याने म्हणता येईपर्यंत ऐकावे. जे म्हणता येत नाही, ते ऐकू आलेले नसते; ते नुसते कानावरून गेलेले असते. त्यानंतर कागदावर ४८ मात्रांची रिकामी घरे आखावीत आणि जे स्वर निश्चित आहेत तेच आधी भरावेत. बहुधा ते विभागाच्या पहिल्या मात्रेवरचे किंवा लांबलेले स्वर असतात. मधले जलद स्वर नंतर. पूर्वी यासाठी ३३⅓ फेऱ्यांची तबकडी अर्ध्या वेगावर लावत. स्वर बरोबर एक सप्तक खाली जात आणि तुकडा सुटा होऊन ऐकू येई. आता भ्रमणध्वनीवर स्वर न बदलता वेग कमी करता येतो. लिहून झाल्यावर पेटीवर वाजवून मूळ वादनाशी ताडून पाहावे.

खेड्यात राहणाऱ्याला या कामात एक लाभ आहे. व्हायब्राफोनचा स्वर उमटतो तेव्हा ठळक असतो, मात्र त्याचे सौंदर्य विरण्यात आहे, आणि विरणारा स्वर ऐकायला शांतता लागते. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपलेल्या घरात संध्याकाळ मोठी असते. शेणव्यासारख्या गावात हिवाळ्यातील अशा संध्याकाळी रस्त्यावरची वर्दळ थांबली की जी निःशब्दता मिळते, ती मुंबईतल्या दिवाणखान्यात दुर्मीळ आहे. पावसाळ्यात मात्र पत्र्यावर सर कोसळत असताना हा उद्योग करू नये. अर्धे स्वर पावसाचेच लिहिले जातील.

यात एक मोह प्रत्येकाला पडतो आणि त्याच्याविषयी सावध असावे लागते. एखादा स्वर नीट ऐकू येत नाही. आजूबाजूचे स्वर पाहून तेथे काय असावे, याचा अंदाज करता येतो आणि तो स्वर लिहून टाकला की ओळ पूर्ण दिसते. व्यापारी घरातील माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. रोजमेळ जुळत नसताना मधेच एखादी रक्कम घालून दोन्ही बाजू सारख्या केल्या, तर त्या दिवशी झोप लागते, पण वही खोटी होते. कुशल मुनीम तेथे रक्कम घालत नाही. खूण करून जागा मोकळी ठेवतो आणि चूक सापडेपर्यंत शोधतो. नादाच्या लेखनातही हेच करावे. जे ऐकू आले नाही तेथे घर रिकामे ठेवावे. आठवड्याने, महिन्याने कान तयार होतो आणि तेच घर एके दिवशी भरते. बहुधा तेव्हा असे आढळते की अंदाजाने जो स्वर लिहिला असता, तो वादकाने वाजवलाच नव्हता. त्याने काहीतरी अधिक धीट वाजवलेले असते. अंदाज करणारा नेहमी स्वतःच्या सवयीतला स्वर लिहितो. वादकाचे वेगळेपण नेमके तेथेच गळून जाते.

कागदावर न येणाऱ्या गोष्टीही आहेत. जॅझमध्ये मात्रेचे दोन भाग सहसा समान नसतात. पहिला थोडा लांब, दुसरा थोडा आखूड असतो आणि हे प्रमाण वादकागणिक व लयीगणिक बदलते. काही आघात इतके हलके असतात की ते स्वर म्हणून मोजावेत की नाही, हा प्रश्न पडतो. पेडल कोणत्या क्षणी सुटले, हे सगळ्यांत कठीण. म्हणून लिहिलेला कागद हा ध्वनिमुद्रणाची जागा घेऊ शकत नाही. हुंडीचा कागद म्हणजे रक्कम नव्हे, तरी रकमेपर्यंत तोच पोहोचवतो. लिहिण्याच्या श्रमामुळे जे ऐकू येऊ लागते, ते खरे फळ आहे. एक आवर्तन लिहून काढलेला श्रोता पुढच्या वेळी कोणतेही गाणे ऐकताना मधल्या जागेत आपोआप थांबतो.

कागदाच्या माथ्यावर काय लिहायचे, हा शेवटचा प्रश्न. खतावणीत प्रत्येक खाते नावाने उघडते. ज्याचे देणे, त्याच्याच नावे ते मांडायचे. जॅक्सन यांचे वादन लिहिले तर माथ्यावर जॅक्सन यांचे नाव, मुद्रणाची तारीख आणि लिहिणाऱ्याचे नाव ‘लेखन’ या शब्दापुढे. ते वादन शिकून कोणी समारंभात वाजवले, तर तेथेही मूळ वादकाचे नाव घ्यावे. हिंदी चित्रगीतातील चार-आठ मात्रांची जागा लिहिली तर चित्रपटाचे नाव, वर्ष आणि संगीतकाराचे नाव लिहावे. वादकाचे नाव खात्रीने ठाऊक असेल तरच लिहावे. ठाऊक नसेल तर ‘वादक:’ एवढेच लिहून पुढे जागा सोडावी. त्या काळी अमुक एक वादक प्रसिद्ध होता, म्हणून हेही त्याचेच असेल, असे धरून त्याच्या खात्यावर मांडू नये. प्रसिद्ध माणसाच्या नावे जमा झालेले दुसऱ्याचे काम परत काढणे पुढे फार कठीण जाते.

असे कागद साठवण्यासाठी एक साधी वही पुरते. घरातील पेटी शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने स्वर ओळखावेत, आजोबांनी गाण्याचे वर्ष आणि चित्रपट सांगावा, मात्रा कोणीही मोजाव्यात. आठवड्याला एक जागा लिहिली तरी वर्षाला पन्नास होतात. मुंबईच्या स्टुडिओंत वाजवलेल्या कित्येक वादकांचे कागद आज नाहीत आणि त्यांपैकी बहुतेक जण हयातही नाहीत. त्यांचे वाजवणे मात्र रेडिओवर रोज ऐकू येते. वहीतील त्या मोकळ्या जागी एखाद्या जुन्या मुलाखतीतून, एखाद्या कुटुंबाच्या आठवणीतून नाव मिळेलही. ते मिळेपर्यंत स्वर तरी अचूक लिहिलेले असावेत.